भोंग्यावरचं मत

बाजाराच्या दिवशी चांदूर बाजारात दोन आवाज बाकी साऱ्यांच्या वर असायचे. एक बकऱ्यांचा, दुसरा बशीरच्या भोंग्याचा. बकऱ्या निदान विकल्या गेल्या की गप्प व्हायच्या. भोंगा मात्र बाजार उठेपर्यंत कोकलत राहायचा, आणि तरी त्याच्याविरुद्ध कोणी तक्रार केली नाही, कारण त्यावर बशीर कमी आणि गावच जास्त बोलायचं.

बशीरचं घराणं पिंजाऱ्याचं. बापानं सारा जन्म खांद्यावर कमान घेऊन लोकांच्या गाद्यांतला कापूस पिंजला, आणि म्हातारपणी तोच कापूस त्याच्या छातीत जाऊन बसला. बशीरनंही ती कमान काही वर्षं वाहिली. मग फोमच्या गाद्या आल्या, हप्त्यावर मिळायला लागल्या, आणि जावयाला पिंजलेली गादी देणं लोकांना कमीपणाचं वाटू लागलं. बशीरजवळ उरलं काय, तर खणखणीत गळा. तो सायकलरिक्षात बसून ऐलान करू लागला. हरवलेली म्हैस, आलेली सर्कस, पोलिओचा डोस, पुढाऱ्याची सभा. ज्या पक्षाची सभा असेल त्या पक्षाला तो भर रस्त्यात निवडून आणायचा आणि शिक्का मात्र नईमा सांगेल तिथे मारायचा. नईमा म्हणजे त्याची बायको. घरात चालायचं ते तिचंच.

पुढे सीडीचा जमाना आला तेव्हा त्यानं कापसाच्या एका रिकाम्या गोदामात टीव्ही मांडला, खाली सतरंज्या टाकल्या आणि बाहेर पाटी लावली: व्हिडिओ हॉल. हिंदी पिक्चर सगळीकडेच होते. बशीरचं वेगळेपण असं, की तो परदेशी पिक्चर लावायचा आणि टीव्हीचा आवाज बारीक करून, शेजारी स्टुलावर बसून, सगळी कथा वऱ्हाडीत सांगायचा. त्याला इंग्रजी येत नव्हतं, चिनी येत नव्हतं, काहीच येत नव्हतं. पण माणसं कोण, कोणावर कोण का चिडलं, हे त्याला चेहऱ्यावरून कळायचं, आणि जे कळायचं नाही ते तो रचून द्यायचा. न्यूयॉर्कचा पोलीस त्याच्या तोंडून "काहून बे, कोठी पळून राह्यला?" असं म्हणाला, की सतरंजीवरची माणसं लोळायची.

आणि खेळ सुटला की भोंगा. ही चाल बशीरचीच. दारात तो माईक घेऊन उभा राहायचा आणि बाहेर पडणाऱ्यानं पिक्चर कसा वाटला ते सांगायचं. भोंगा वर छपरावर, आवाज साऱ्या बाजारभर. सुरुवातीला लोक लाजले, मग सुटले. कोणी नटाच्या मिशीला नावं ठेवली, कोणी शेवट बदलून मागितला, कोणी जाता जाता आपल्या मेथीचा भावही सांगून घेतला. बशीरचा नियम एकच होता. माणूस बरं बोलो की वाईट, माईक मध्येच हिसकायचा नाही. एकदा खुशालराव मास्तरांनी "हा पिक्चर पाहण्यापेक्षा घरी झोपावं" असं साऱ्या बाजाराला सांगितलं, तरी बशीर हसत उभा राहिला. त्या दिवशी पुढच्या खेळाला जास्तच गर्दी झाली. पाहणाऱ्याचं मत दाबायचं नाही, एवढा एकच मोठेपणा त्याच्याजवळ होता, आणि तो त्यानं जपला होता.

तो जपानी पिक्चर त्याच्या जावयानं दिला. लेक यास्मीन अकोल्याला दिली होती, आणि जावई जुबेरचं तिथे सीडीचं दुकान. सीड्या अमरावतीलाही मिळायच्या, पण अमरावतीला लेक नव्हती. त्या पिक्चरात एक घर होतं, त्याची दारं कागदाची. दिवेलागणीला त्या कागदावर एका बाईची सावली पडायची. नुसती उभी. घरातलं एक पोरगं शाळेत जायचं, भात खायचं, अंगणात खेळायचं, आणि एका संध्याकाळी जे बाहेर गेलं ते परतलंच नाही. शेवटी दार, दारावर ती सावली, आणि संपलं. भूत काय करतं, का करतं, काही नाही. पुरुष मंडळी चिडली. बायकांच्या दुपारच्या खेळाला मात्र बशीरला शेवटी काहीतरी सांगणं भाग होतं, कारण पुढच्या सतरंजीवर मैनाबाई बसली होती आणि पदर तोंडात धरून रडत होती.

मैनाबाई हॉलच्या समोर, निंबाखाली फुटाण्या-मुरमुऱ्यांची पाटी घेऊन बसायची. नवरा चंद्रभान जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिचा एकुलता एक नितेश, कपाशी लागोपाठ दुसऱ्या साली हातची गेली तेव्हा, "अकोल्याले जिनिंगात काम पाह्यतो" म्हणून घरून निघाला. त्यानंतर ना तो, ना त्याचा निरोप. त्या सालांत पेपरात रोज एकाच तऱ्हेची बातमी यायची, नुसतं गावाचं नाव बदललेलं असायचं. चांदूर बाजारातल्या प्रत्येकानं नितेशबद्दल मनातल्या मनात एक गोष्ट ठरवून टाकली होती आणि ती कोणीही तोंडातून काढली नव्हती. माहीत कोणालाच काही नव्हतं. पण असं बोलणं म्हणजे अभद्र. तिच्यासमोर तर नाहीच, पाठीमागेही नाही. बशीर अकोल्याला गेला की सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यांच्या दारोदार विचारून यायचा, आणि आल्यावर मैनाबाईच्या समोरून सायकल जरा जोरात काढायचा.

तर त्या दुपारी तिला रडताना पाहून बशीर माईकवर म्हणाला, "मायाईहो, भेऊ नका. हे भूत कोणाचं वाईट करत नाही. हे त्या पोराची माय हाय. मेली, तरी वाट पाहून राह्यली. अन् पोरगं गेलं शयरात. जितं हाय. येईन ते, दुसऱ्या भागात येईन."

झालं. एवढं बोलला. त्यात त्याचं काय गेलं? पण मैनाबाईनं ते वाक्य उचललं आणि घरी नेलं. दर बाजाराला ती विचारायची, "बशीरभाऊ, दुसरा भाग कवा येते?" विचारताना हसायची. बऱ्याच दिवसांनी तिला हसताना पाहून बशीरला बरं वाटायचं, आणि लगेच तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायचा. नईमानं त्याला घरात चांगलंच सुनावलं. "तुमने कायको बोले थे, बच्चा जिंदा है करके? पिच्चरवाले तुमकू पूछ के बनाने वाले हैं क्या?"

दुसरा भाग जुबेरकडे आल्याचा फोन आला तो नेमका बाजाराच्या दिवशी. आणि बशीरनं, ऐलानवाल्याच्या जुन्या खोडीनं, सीडी न पाहताच भोंग्यावर पुकारून टाकलं. येत्या बाजाराला! त्याच घराचा, त्याच सावलीचा, दुसरा भाग! निंबाखाली मैनाबाईनं दोन्ही हात जोडून वर पाहिलं. तेव्हा तिला नमस्कार करण्यासारखं काय वाटलं असेल ते तिलाच ठाऊक, पण बशीरनं ते पाहिलं.

परतवाड्याहून अकोट, अकोटहून अकोला, असा तो सीडी आणायला गेला. यास्मीननं जेवायला वाढलं आणि जुबेरनं पिक्चर लावला. बशीरचा घास ताटातच राहिला. या दुसऱ्या भागात असं निघालं, की कागदावरची ती बाई भूत नव्हतीच. ती जिती होती. रोज संध्याकाळी दारात उभी राहून पोराची वाट पाहणारी साधी आई. आणि पहिल्या भागात जे पोरगं आपण शाळेत जाताना, भात खाताना पाहिलं, ते आधीच भातशेतीच्या पाटात बुडून मेलेलं होतं. भूत ते होतं. शेवटी ती बाई पोराच्या फोटोपुढे भाताची वाटी ठेवते आणि उदबत्ती लावते.

"याले कसं फिरवता येईन?" बशीरनं जावयाला विचारलं.

जुबेरला प्रश्नच कळला नाही. "अब्बा, पिच्चर तो जबरदस्त है," तो म्हणाला.

पिक्चर जबरदस्तच होता. बशीरनं आजवर न्यूयॉर्कचे चोर सुधारले होते, चिनी बापलेकांची भांडणं मिटवली होती. पण जपानी लोकही फोटोपुढे उदबत्ती लावतात, हे त्याला कुठे ठाऊक होतं? फोटोपुढे उदबत्ती दिसल्यावर वऱ्हाडातल्या बाईला काय समजवायचं? परतीच्या एसटीत तो सीडी मांडीवर घेऊन बसला आणि ती खिडकीबाहेर टाकावी असं त्याला दोनदा-तीनदा वाटून गेलं. टाकली तरी जुबेर दुसरी देणार होता, आणि पुकारा तर झालेलाच होता.

बाजाराच्या दिवशी सकाळीच मैनाबाई दारात आली. नवं लुगडं नव्हतं, पण धुतलेलं होतं, आणि केसांना तेल लावलेलं होतं.

"बायाईचा खेळ कवा हाय, बशीरभाऊ?"

"आज नाही, बाई. सीडीले चरा पडला. कसाबसा एक खेळ होईन, तो माणसायचा."

"मंग मी निंबाखाली बसून आयकीन. लोक सांगतीनच ना भोंग्यावर." आणि पाटी घेऊन जाऊन बसली.

हे बशीरच्या डोक्यातच आलं नव्हतं. बायकांचा खेळ रद्द करून आपण फार मोठी शक्कल लढवली, या नादात तो आपलाच भोंगा विसरला होता.

पिक्चर चालू असताना त्याला धड सांगताही येईना. मधूनमधून तो गप्पच बसायचा, आणि गंमत अशी की त्या गप्प बसण्यानंच लोक जास्त घाबरले. बशीर बोलत नाही म्हणजे प्रकरण गंभीर आहे, असं त्यांना वाटलं. पिक्चर संपला. बशीर धावत दारात गेला आणि दोन्ही हात आडवे करून म्हणाला, "आज मत नाही. भोंगा बंद."

"काहून बंद?" सगळे एकदम कडाडले. पैसे मोजून पाहिलेल्या पिक्चरला नावं ठेवायची नाहीत म्हणजे काय? अर्धा पिक्चर तर त्यासाठीच पाहिलेला. कोणीतरी वरचं बटण दाबलंसुद्धा, आणि भोंगा शिट्टी मारून जागा झाला. समोर निंबाखाली मैनाबाई सावरून बसली.

"बरं, बोला," बशीर हळू आवाजात म्हणाला. "पन एक ध्यानात ठेवा. पोराचं काय झालं, ते सांगू नका. पुढचे लोक पाह्यतीन काय मंग? बाकी काई बी बोला."

याचं खरं कारण त्यानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर एकानंही तोंड उघडलं नसतं, वऱ्हाडी माणूस फटकळ असला तरी दगड नाही. पण कारण सांगायचं म्हणजे मैनाबाईचं नाव घ्यायचं, आणि तिचं नाव घ्यायचं म्हणजे नितेशबद्दल जे कोणी बोलत नाही ते त्यानं पहिल्यांदा बोलायचं. ते त्याच्या जिभेवर आलं आणि परत गेलं.

मतं सुरू झाली. खुशालराव मास्तर म्हणाले, "पहिल्या भागाची सर नाही. पहिल्यात सावली होती, यात सारं उघडंच करून ठेवलं." नत्थुजी न्हावी म्हणाला, "बाईचे केस लय चांगले व्हते, पन कापले पाह्यजे." बाजार हसला. एकानं सांगितलं, जपानात पाटाला पाणी बारा महिने कसं राहते, आपल्याकडे काहून राहत नाही, हेच त्याला समजून राहिलं नाही. दुसरा म्हणाला की भुतापेक्षा आपली सासू भारी आहे. बशीर प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत होता. कोणाचा ओठ "पो" म्हणायला वळला, की त्याचा जीव वरखाली व्हायचा. मैनाबाई एकेक शब्द ऐकत होती. कोणी फुटाणे मागायला आलं, तर तिनं हातानंच थांबवलं.

मग देवराव आला. देवराव पानवाला, मोठ्या मनाचा आणि मोठ्या आवाजाचा. अन्याय कुठेही झाला, अगदी जपानात झाला, तरी त्याला राग यायचा. त्यानं माईक ओढूनच घेतला.

"फसवलं! सपशेल फसवलं! पयल्या भागात पोरगं भात खाते, अन् आता म्हणते ते पयल्यापासूनच मेलेलं व्हतं. मेलेलं मानूस भात खाते काय?"

बशीरचा हात पुढे झाला. माईक एका वितीवर होता. इतक्या वर्षांत त्यानं कोणाचा माईक हिसकला नव्हता, आणि त्या एका क्षणात हाताला ते जमलं नाही.

"अन् आमी त्या मायले भूत समजून भेऊन राह्यलो! ते बिचारी जिती! रोज दारात उभी राहून वाट पाहून राह्यली. साऱ्या गावाले माहीत हाय का पोरगं गेलं, अन् तिले कोणी सांगत नाही! एकही मानूस नाही! मले भुताची भीती नाही वाटली. मले त्या गावाचा राग आला. असं गाव..."

तिथे देवरावची नजर समोर निंबाखाली गेली. त्याचा काळा-सावळा चेहरा राखेच्या रंगाचा झाला आणि त्यानं माईक बशीरच्या हातात असा ठेवला, की जणू तो तापला होता.

शब्द बाजारभर गेले होते. कांदे मोजणाऱ्यानं तराजू खाली ठेवला. बांगड्यांच्या दुकानातल्या बाया बाहेर आल्या. हळूहळू साऱ्यांच्याच लक्षात आलं, आणि मग कोणी मैनाबाईकडे पाहीना. शेकडो माणसं आपापल्या चपलांकडे बघत उभी राहिली.

मैनाबाई उठली. पाटीवर फडकं टाकलं, लुगडं झटकलं आणि रस्ता ओलांडून दारात आली. आता ही आपल्या थोबाडीत मारेल, असं बशीरला वाटलं. मारावी, असंही वाटलं.

"बशीरभाऊ, हा आवाज किती लांब जाते?"

"जाते... परतवाड्याच्या रस्त्यापावतर जाते, बाई."

"मले द्या."

त्यानं माईक दिला. तिनं तो आयुष्यात पहिल्यांदाच धरला होता, दोन्ही हातांनी, तोंडाच्या अगदी जवळ.

"मी मैनाबाई. नितेशची माय. मी पिक्चर पाह्यला नाही." भोंग्यातून आलेला स्वतःचाच आवाज ऐकून ती दचकली, मग पुन्हा बोलली. "पाह्यला नाही तं मत काय देऊ? पन देवरावभाऊ बोलले ते बरोबर हाय. त्या बाईले कोणीतरी सांगाले पाह्यजे व्हतं. तसं ज्याले माह्या पोराचं माहीत असन, त्यानं मले सांगा. मी रडणार नाही. कोणाले बोल लावणार नाही. चांगलं असो का वाईट असो, सांगा. घरी येऊन सांगा, नाही तं इथीसा सांगा."

उत्तराची वाट पाहत तिनं साऱ्या बाजारावरून नजर फिरवली. कोणी पुढे आलं नाही. येणार तरी कसं? सांगण्यासारखं कोणाजवळ काही नव्हतं. सगळ्यांनी मनात ठरवून ठेवलं होतं तेवढंच, आणि ते कोणी सांगायची गोष्ट नव्हती. बशीरला जिनिंगची ती सारी दारं आठवली, प्रत्येक दारातलं ते "नाही भाऊ, या नावाचा कोणी नाही." तेवढं तरी तिला आधी सांगायला हवं होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते त्यानं सगळ्यांदेखत येऊ दिलं.

मैनाबाईनं माईक आणखी जवळ घेतला.

"नितेश," ती म्हणाली, आणि तेवढ्यात लाइट गेली. त्या सालांत ती रोजच जायची. हॉलमधला पंखा मंद होत थांबला, छपरावरचा भोंगा मुका झाला. आता तिचा आवाज दारातल्या दोन-चार माणसांपुरताच उरला होता. तिला ते कळलं नाही. "नितेश, बाप्पा, तू आयकून राह्यला असशीन तं घरी ये. कपाशीचं काई नाही. पिकलं नाही तं नाही पिकलं. तुले कोणी काई म्हणणार नाही. मी फुटाणे विकतो, भागते आपलं. तुही चादर मी धुऊन ठेवली हाय. तू नुसता ये..."

देवराव पुढे झाला. त्यानं वर भोंग्याकडे बोट दाखवलं आणि काहीतरी सांगायला तोंड उघडलं. बशीरनं त्याचा दंड घट्ट धरला आणि मान हलवली. मैनाबाई बोलत राहिली, आणि ती बोलत होती तोवर दारातून एकही माणूस हलला नाही.